घनसावंगीच्या परिसरांतील सहली

मराठी माणसाला प्रवासाची हौस नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल. ज्या समाजांतील लक्षावधि स्त्रीपुरुष आषाढीला पायीं पंढरीची वाट चालतात, चैत्रांत कावडी घेऊन शिखर शिंगणापूरचा डोंगर चढतात आणि आयुष्यांत एकदां तरी काशीला जाऊन यावें अशी आस बाळगतात, त्या समाजाला घरकोंबडा कोण म्हणेल? परंतु यात्रा आणि सहल यांत एक भेद आहे. यात्रेकरूचें लक्ष देवाकडे लागलेलें असतें. दर्शन झालें, प्रसाद घेतला, कीं त्याचें मन तृप्त होतें. ज्या खांबाला टेकून तो क्षणभर विसावला तो खांब कोणी घडविला, ज्या पायरीवर त्यानें पाय धुतले ती किती शतकें तेथें आहे, देवळामागें जो डोंगर उभा आहे तो कशाचा झाला आहे, असले प्रश्न त्याला पडत नाहींत; पडण्याचें कारणहि नसतें. सहलीला निघालेला मनुष्य मात्र हेच प्रश्न बरोबर घेऊन निघतो. त्याची शिदोरी थोडी असली तरी चालेल, कुतूहल भरपूर असावें लागतें.

मराठवाड्यांतील प्रेक्षणीय स्थळें म्हटलीं कीं वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद हीं तीन नांवें ओठांवर येतात. समुद्रापलीकडून लोक तीं पाहण्यास येतात. त्यांची थोरवी निराळी सांगण्याची जरुरी नाहीं. पण सूर्य उगवला म्हणजे ज्याप्रमाणें तारे दिसेनासे होतात, त्याप्रमाणें या जगद्विख्यात लेण्यांच्या तेजांत भोंवतालचीं लहान स्थळें लोपून गेलीं आहेत. जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागांत गोदावरीच्या उत्तरतीराला लागून पसरलेला घनसावंगी तालुका हें याचें ठळक उदाहरण होय. जालना जिल्हाच मुळीं वयानें लहान. औरंगाबाद जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील, कांहीं तालुके आणि परभणीकडील परतूर तालुका एकत्र करून १ मे १९८१ रोजीं तो निर्माण झाला. त्यापूर्वीं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. जिल्ह्याचें वय लहान असलें तरी त्याची भूमि मात्र फार प्राचीन आहे, आणि घनसावंगीस मुक्काम ठेवून चार दिशांना चार सहली काढणाऱ्यास या भूमीचें पुराण पानापानानें उलगडतां येतें.

पहिलें पान निसर्गाचें. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दक्षिणेच्या पठारावर जमिनीला भेगा पडून तप्त शिलारसाचे लोटच्या लोट बाहेर आले. एक थर निवावा, त्यावर दुसरा पसरावा, असें दीर्घकाळ चाललें, आणि त्यांतून आजचा काळा कातळ तयार झाला. हाच कातळ झिजून झिजून शेतांतील काळी, कसदार जमीन झाली. ओढ्याच्या कांठीं दरड तुटलेली असेल तेथें उभें राहून पाहिलें तर वर काळी माती, तिच्याखालीं पिवळसर मुरूम आणि त्याखालीं अखंड पाषाण, असे तीन मजले एका दृष्टिक्षेपांत दिसतात. मातीनें ज्वारी आणि कापूस दिला. पाषाणानें देवळें, घाट आणि बारवा दिल्या. इकडील स्थापत्य पाहूं जाणाऱ्यानें प्रथम ही दरड पाहावी, कारण पुढें जें जें पाहावयाचें तें तें याच दगडांतून निघालेलें आहे.

सहलीचा काळ मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा उत्तम. तेव्हां रान ज्वारीच्या कणसांनीं भरलेलें असतें, पहांटे सुखद गारवा असतो, आणि दूरच्या देशांतून आलेले पक्षी पाण्यावर उतरलेले असतात. वैशाखांतील ऊन मात्र पाहुण्याची परीक्षा घेणारें आहे.

घनसावंगीहून पहिली सहल जांबेची काढावी. समर्थ रामदासस्वामींचें हें जन्मग्राम. लोक त्याला आतां जांब समर्थ म्हणूनच ओळखतात. शके १५३० मध्यें, म्हणजे इसवी सन १६०८ सालीं, चैत्र शुद्ध नवमीस, रामजन्माच्या दिवशींच, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटीं नारायण जन्मला. वडील बंधु गंगाधर हे पुढें श्रेष्ठ या नांवानें ओळखले गेले. बाराव्या वर्षीं जवळच्या आसनगांवीं नारायणाचें लग्न ठरलें, अंतरपाट धरला गेला, आणि ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच मुलगा खरोखरच सावध होऊन मंडपांतून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रांतील शाळेच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण ती कथा पुस्तकांत वाचणें आणि ज्या शिवारांतून तो मुलगा पळाला त्या शिवारांत उभें राहून आठवणें यांत मोठें अंतर आहे. चहूंकडे सपाट काळें रान. लपण्यास डोंगर नाहीं, दरी नाहीं. येथून नाशिकचें पंचवटीक्षेत्र किती लांब, आणि बारा वर्षांच्या मुलानें तेवढी वाट कशी काढली असेल, हा विचार मनांत आला म्हणजे चरित्रांतील एक ओळ एकाएकीं जिवंत होते. सहलीचा खरा लाभ तो हाच.

जांबेस राममंदिर आहे, समर्थांच्या घराची जागा भाविक दाखवितात, आणि रामनवमीस मोठा उत्सव होतो. नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें तप आणि पुढें बारा वर्षें देशाटन करून समर्थ पुन्हां या गांवीं आले, तेव्हां पुत्रवियोगानें अंध झालेल्या मातोश्रींना त्यांच्या स्पर्शानें दृष्टि आली, असें परंपरा सांगते. चिकित्सकानें त्या कथेला हवी तर शंका घ्यावी. परंतु चोवीस वर्षें वाट पाहणारी आई आणि दारांत उभा राहिलेला जटाधारी मुलगा हें चित्र शंकेच्या पलीकडचें आहे. समर्थांचें पुढील कार्य कृष्णाकांठीं झालें, देह सज्जनगडावर १६८२ सालीं ठेवला गेला, आणि म्हणून पुष्कळांना समर्थ साताऱ्याकडचेच वाटतात. गोदेच्या या पुत्राची जन्मभूमि पाहण्यास सज्जनगडाच्या मानानें थोडीच माणसें येतात.

दुसरी सहल पश्चिमेस अंबडची. गांवाशेजारीं एक लांबट टेकडी आहे. तिचा आकार माशासारखा, आणि त्या माशाच्या उदरांत देवी बसली, म्हणून ती मत्स्योदरी. नवरात्रांत येथें मोठी जत्रा भरते. अंबड या नांवाचा संबंध दंतकथा अंबरीष राजाशीं जोडते. राज्याचा वीट येऊन राजा या टेकडीच्या गुहेंत तपश्चर्येस बसला, अशी ती कथा. टेकडीवर चढून गेल्यावर खालीं अंबडचीं घरें, पलीकडे शेतांचे चौकोन आणि क्षितिजाजवळ झाडांची निळसर रेघ असा देखावा दिसतो. सपाट प्रदेशांत एवढी उंचीहि डोळ्यांना मोठी मेजवानी असते. म्हणूनच लोकांनीं अशा जागीं देवाला बसविलें असावें.

अंबडचा दुसरा मान अहिल्याबाई होळकरांचा. त्यांनीं बांधलेलें खंडोबाचें देऊळ अंबडास आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या या राणीच्या कामांची यादी लांबलचक आहे. तींत अंबडसारख्या आडवळणाच्या गांवाचें नांव सांपडतें हें विशेष. प्रसिद्धीसाठीं बांधणारा मनुष्य हमरस्त्यावर बांधतो. जेथें गरज तेथें बांधणारा आडरानांतहि बांधतो.

या भागांतून फिरतांना बारव ही वस्तु लक्षपूर्वक पाहावी. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, एवढी व्याख्या पुरेशी नाहीं. जमिनीच्या पोटांत उलटें बांधलेलें देऊळच तें. देवळाचें शिखर जसें पायरीपायरीनें वर जातें तशी बारव पायरीपायरीनें खालीं उतरते. भिंतींत देवकोष्ठें असतात, कांहीं ठिकाणीं कट्टे आणि ओवऱ्या असतात. जुन्या शिल्पग्रंथांनीं तिचे प्रकार सांगितले आहेत: एका बाजूनें उतरण्याची वाट असेल ती नंदा, दोन बाजूंनीं असेल ती भद्रा, तिन्ही बाजूंनीं ती जया आणि चारी बाजूंनीं ती विजया. पायऱ्यांची रचना केवळ शोभेसाठीं नव्हे. चैत्र-वैशाखांत पाणी खोल गेलें तरी घागर घेऊन बाईला पाण्यापर्यंत उतरतां यावें, आणि श्रावणांत पाणी वर चढलें तरी तिला बाजूला उभें राहतां यावें, ही त्यांतील सोय. दगड दगडावर असा बसविलेला कीं मध्यें चुन्याचा लेप नाहीं. त्या सांध्यांतून झरे मोकळे वाहतात आणि भिंतीवर पाण्याचा दाब सांचत नाहीं. ज्यांनीं ही युक्ति योजिली त्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत.

हेमाडपंती हा शब्दहि येथेंच नीट समजून घेतां येतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला, आणि चुन्यावांचून बांधलेलें प्रत्येक जुनें देऊळ लोकांनीं त्याच्या नांवावर जमा करून टाकलें. वस्तुतः यांतील पुष्कळ देवळें त्याच्या जन्मापूर्वींचीं, कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि आरंभींच्या यादवांच्या काळचीं आहेत. यशाचें श्रेय गवंड्याकडून मंत्र्याकडे जाण्याची रीत जुनीच म्हणावयाची!

तिसरी सहल गोदेच्या कांठानें करावी. त्र्यंबकेश्वरीं उगम पावून १४६५ किलोमीटर वाहणारी ही गंगा तालुक्याच्या दक्षिणेस शांत, रुंद पात्रांतून जाते. येथें तिला धबधबा नाहीं, खोल दरी नाहीं. तिचें सौंदर्य विस्ताराचें आहे: लांबच लांब वाळू, कांठची बाभूळ, आणि संध्याकाळीं पाण्यावर उतरणारा तांबूस प्रकाश. परंतु याच शांत पात्रानें एकदां महाराष्ट्राच्या भवितव्याचा निकाल लावला. पलीकडच्या, म्हणजे बीड जिल्ह्याच्या, तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं तेथें माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या सैन्यांची गांठ पडली. निजाम अली कांहीं फौजेनिशीं नदी उतरून उत्तरेकडे आला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेलें सैन्य घेऊन दक्षिणतीरावर राहिला होता. दिवस श्रावणाचे, गोदेला पूर. मराठ्यांनीं दक्षिणतीरावरील फौज गांठली, तेव्हां मध्यें पाणी असल्यामुळें निजामाला आपल्या माणसांच्या मदतीस येतां आलें नाहीं. रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यांत सांपडले असतां माधवरावांनीं बाजू सांवरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपतच्या आघातास तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि माधवरावांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पावसाळ्यांत कांठावर उभें राहून पुराचा तो गढूळ लोंढा पाहिला कीं या लढाईचें मर्म नकाशावांचून उमगतें.

कांठाकांठानें वर गेलें कीं पैठण येतें. सातवाहनांची ही राजधानी, प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषेंतील दर्यावर्दी ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेलें बाजारपेठेचें गांव म्हणून हिचा उल्लेख आहे. याच गांवीं एकनाथमहाराजांनीं १५९९ सालीं फाल्गुन वद्य षष्ठीस गोदेंत देह ठेवला, आणि नाथषष्ठीचा सोहळा अद्यापि तितक्याच भक्तीनें होतो. पैठणीचें नांव तर प्रत्येक मराठी घरांत पोंचलेलें आहे.

पैठणास पोंचलेल्या प्रवाशानें जायकवाडीचा जलाशय अवश्य पाहावा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांनीं या धरणाची कोनशिला बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मातीचा हा बांध जवळजवळ १० किलोमीटर लांब असून त्याला २७ दरवाजे आहेत. नाथसागर हें त्याचें लोकप्रिय नांव सार्थ आहे, कारण मधोमध पाहिलें तर पलीकडचा कांठ दिसत नाहीं. पाणी उथळ आणि विस्तीर्ण असल्यामुळें हिवाळ्यांत हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, तलवार बदकें येतात, कवींनीं गाइलेला चक्रवाक येतो, आणि गुलाबी पंखांच्या रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यांत एका पायावर उभे राहिलेले दिसतात. १९८६ सालीं या जलाशयास पक्षी-अभयारण्याचा दर्जा मिळाला. मात्र या सुंदर दृश्याच्या तळाशीं शंभराहून अधिक गांवांच्या जमिनी आहेत, हें पाहणाऱ्यानें विसरूं नये. एका कांठच्या माणसांनीं घरें सोडलीं तेव्हां दुसरीकडच्या शेतांना पाणी मिळालें. धरणाचा डावा कालवा अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांतून परभणीकडे जातो. त्याच्या कांठीं ज्वारीच्या जागीं ऊस उभा राहिला. जालन्याच्या मोसंबीचा लौकिकहि आज दूरवर पसरला आहे. नैसर्गिक आणि मनुष्यनिर्मित अशी विभागणी येथें करतांच येत नाहीं; पक्षी आला तो माणसानें बांधलेल्या पाण्यावर.

चौथी सहल लांबची, आणि ती एका दिवसांत उरकूं नये. ईशान्येस मंठ्यावरून गेलें कीं लोणार लागतें. आकाशांतून आलेला अशनि काळ्या कातळावर आदळून सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा झाला. काळ्या कातळांत अशनिपातानें झालेलीं विवरें पृथ्वीच्या पाठीवर विरळा आहेत. त्यांत लोणारचें सर्वांत परिचित. १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. आपल्या लोकांनीं मात्र त्याआधीं कित्येक शतकें त्याला लवणासुराची कथा जोडून कांठावर दैत्यसूदनाचें अप्रतिम देऊळ उभारलें होतें. २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें खारें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. खारटपणा वाढल्यामुळें फोंफावलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस या सरोवराची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. परततांना परभणी जिल्ह्यांतील चारठाण्यास थांबावें. तेथील उंच मानस्तंभ, पडझड झालेलीं देवळें आणि गोकुळेश्वराजवळची बारव पाहिली म्हणजे एके काळीं हें केवढें समृद्ध नगर असावें याची कल्पना येते.

उत्तरेकडे जाणाऱ्यास जालन्यापलीकडे भोकरदन तालुक्यांत दोन स्थळें आहेत. अन्व्याचें देऊळ शिल्पसौंदर्याचें, तर असई रणकथेचें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. आर्थर वेलस्ली, पुढें नेपोलियनला वॉटर्लू येथें हरविणारा तोच, आपल्या लहान सैन्यानिशीं केळणेचा एक अनपेक्षित उतार शोधून पलीकडे गेला. समोरासमोर दोन गांवें आहेत, त्याअर्थीं मध्यें उतार असलाच पाहिजे, हें त्याचें साधें अनुमान. त्याची जीत झाली, परंतु शिंद्यांच्या तोफांनीं त्याची पंधराशेंहून अधिक माणसें कापून काढलीं अथवा जायबंदी केलीं. आणि वॉटर्लू पाहिलेला तो सेनापति उतारवयांतहि असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे. परदेशांत या गांवाचें नांव रस्त्यांना आणि पलटणींच्या निशाणांना आहे. गांवावरून जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला मात्र केळणेकांठीं आपण इतिहासावरून चाललों आहों याची बहुधा दादहि नसते.

येथें या विषयाचा खरा प्रश्न उभा राहतो. जें पाहिलें जात नाहीं तें टिकत नाहीं. बारवेचें पाणी जोंवर पिण्याचें होतें तोंवर गांव दरवर्षीं तिचा गाळ काढीत असे. नळ आला, बारवेची गरज संपली, आणि कांहीं ठिकाणीं तिच्यांत केरकचरा पडूं लागला. घडीव दगड कोणाच्या जोत्याला, कोणाच्या गोठ्याला लागले. भक्तिभावानेंहि कमी हानि केलेली नाहीं: सातशें वर्षांच्या मूर्तीला तैलरंगाचे थर आणि कोरीव मंडपाला चकचकीत फरशी बसविणारे हात श्रद्धाळूच असतात. टेकड्या मुरुमासाठीं पोखरल्या जातात आणि नदीची वाळू रातोरात वाहून नेली जाते. याहूनहि मोठा धक्का २०२२ सालीं बसला. ज्या गांवानें महाराष्ट्राला समर्थ दिले त्या जांबेच्या राममंदिरांतून ऑगस्ट महिन्यांत पूजेंतील प्राचीन मूर्ति चोरीस गेल्या. सारा परिसर हळहळला, आंदोलन झालें, आणि पोलिसांनीं त्याच वर्षीं शोध लावून त्या परत मिळविल्या. जांबेस भक्तांचें लक्ष होतें म्हणून आरडाओरडा झाला. ज्या पडक्या देवळांत कोणी जात नाहीं तेथील मूर्ति गेली, तर ती गेल्याचें तरी कोणाला कळावें?

या बाबतींत जर्मन लोकांची एक गोष्ट मननीय आहे. र्‍हाईन नदीच्या कांठीं ड्राखेनफेल्स नांवाची टेकडी असून तिच्या माथ्यावर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. कोलोन येथील प्रसिद्ध मंदिरासाठीं शतकानुशतकें याच टेकडीचा दगड काढला जात असे. एक स्मारक उभें करण्यासाठीं दुसरें पोखरलें जात होतें! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लोक र्‍हाईनकांठच्या सहलीस हौसेनें जाऊं लागले. कोब्लेंझच्या कार्ल बेडेकरनें त्या प्रवासाचीं सुबक मार्गदर्शक पुस्तकें काढलीं. हजारों डोळे त्या टेकडीकडे लागले, तेव्हां तिचा प्रत्येक घाव दिसूं लागला. शेवटीं १८३६ सालीं प्रशियाच्या सरकारनें ती खाण विकत घेऊन तेथील दगड काढणें बंद केलें. युरोपांतील निसर्गरक्षणाच्या इतिहासांत हें उदाहरण आरंभींचें मानलें जातें. तिला वांचविलें तें प्रथम पाहणाऱ्यांच्या प्रेमानें. कायदा मागाहून आला. आजहि त्या देशांत शाळेंतील मुलांना वर्षांतून ठराविक दिवशीं शिक्षकांसह पायीं फिरावयास नेण्याची चाल आहे, आणि १९९३ पासून दरवर्षीं सप्टेंबरांतील एका रविवारीं एरवीं बंद असलेल्या जुन्या इमारती सर्व नागरिकांना खुल्या केल्या जातात.

ही गोष्ट इकडे अशक्य आहे असें समजण्याचें कारण नाहीं. परभणी जिल्ह्यांतील वालूर येथें गांवकऱ्यांनीं मातीखालीं गेलेली वर्तुळाकार बारव श्रमदानानें मोकळी केली. तिच्या चक्राकार पायऱ्या पाहण्यास आतां दूरदूरचे लोक येतात. त्या कामास मोठी देणगी लागली नाहीं. फावडीं, टोपल्या आणि आपल्या पायाखालीं कांहीं मोलाचें आहे असा विश्वास एवढेंच भांडवल होतें. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगांव येथील शाळांनीं दूरच्या सहलीपूर्वीं एक दिवस जवळच्या सहलीस द्यावा. मुलांनीं बारवेच्या पायऱ्या मोजाव्या, ती नंदा कीं भद्रा तें ओळखावें, खांबावरील शिल्पाचें चित्र काढावें, गांवच्या म्हाताऱ्या माणसांकडून तिची हकीकत लिहून घ्यावी. पुढें कोणी तिचा दगड हलवूं लागला तर ज्यानें त्या पायऱ्या मोजल्या आहेत तो मुलगाच आधीं हटकील. पुराणवस्तुखात्याचा पहारेकरी प्रत्येक बारवेवर बसवितां येणार नाहीं; तशी गरजहि मग उरणार नाहीं.

सहलीस जाणाऱ्या मोठ्या माणसांनींहि कांहीं पथ्यें पाळावीं. भिंतीवर आपलें नांव कोरूं नये. ज्यानें ती भिंत उभारली त्यानेंहि कोरलें नाहीं. पक्ष्यांच्या थव्यावर दगड भिरकावून त्यांना उडवूं नये. जेवण झाल्यावर कागद आणि बाटल्या परत न्याव्या. जेथें पूजा चालते तेथें पादत्राणें बाहेर ठेवून, गुरवाला नमस्कार करून मग शिल्प पाहावें. त्यानेंच पिढ्यान्‌पिढ्या तेथें दिवा लावला म्हणून तें देऊळ आज पाहावयास मिळतें. आणि सहल संपवून घरीं आल्यावर पाहिलेलें चार जणांना सांगावें.

वेरूळचें कैलास पाहून मनुष्य थक्क होतो आणि आपल्या लहानपणाची त्याला जाणीव होते. गांवची बारव पाहून तो थक्क होत नाहीं. पण आपल्याच पणजीनें याच पायरीवर घागर टेकली असेल, हें त्याच्या ध्यानांत येतें. एकानें आदर उत्पन्न होतो, दुसऱ्यानें आपलेपणा. आणि राखण होते ती आपलेपणानेंच. घनसावंगीच्या काळ्या रानांत असा आपलेपणा जागविणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. त्या पाहण्यास फार पैसा लागत नाहीं, फार दिवसहि लागत नाहींत. येत्या हिवाळ्यांतील एक मोकळा रविवार आणि चालण्याची तयारी एवढ्यावर आरंभ करतां येईल.